बिल्ला आणि मान्यता

शिक्षणाच्या क्षेत्रात सध्या एका नव्या वस्तूची चलती सुरू झाली आहे. तिला डिजिटल बॅज असे म्हणतात. विद्यार्थ्याने एखादे लहानसे कौशल्य हस्तगत केले, मग ते विजेच्या दिव्याची जोडणी असो, संगणकावर तक्ता मांडणे असो, मळ्यात ठिबकची नळी बसविणे असो की सभेत पाच मिनिटे निर्भीडपणे बोलणे असो, की त्याच्या नावे एक चित्ररूप बिल्ला संगणकावर नोंदविला जातो. अल्प मुदतीच्या अभ्यासक्रमानंतर मिळणाऱ्या अशाच लहान प्रमाणपत्रांना मायक्रो-क्रेडेन्शिअल हे नाव आहे. ही सारी कमाई विद्यार्थ्याच्या कायमच्या खात्यात जमा व्हावी, अशी सरकारची योजना असून त्या खात्यासाठी शाळा पालकांची संमती मागत आहेत. गेल्या काही महिन्यांत नाशिक शहरातील व तालुक्यातील कित्येक बौद्ध पालक असे संमतिपत्र हातात घेऊन आमच्याकडे आले. बहुतेकांचा प्रश्न एकच होता: सही करावी की करू नये? एका मातेने मात्र त्याहून खोलवरचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "वकीलसाहेब, पोरीचं भलं होणार असंल तर दहा सह्या करीन. पण हा बिल्ला दाखवल्यावर तिला दारात उभं कोण करणार, ते आधी सांगा." त्या मातेच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हा अग्रलेख आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते नीट समजून घेतले पाहिजे. कारण जी वस्तू आपणास समजत नाही तिला भुलणे किंवा भिणे या दोन्ही गोष्टी सारख्याच घातक होत. बिल्ल्याची कल्पना नवी नाही. स्काउटच्या पथकातील मुलगा प्रथमोपचार शिकला, दोरीच्या गाठी शिकला, की त्याच्या बाहीवर त्या त्या विद्येचा बिल्ला शिवला जाई. संगणकावरील बिल्ल्याची चळवळ अमेरिकेतील मोझिला प्रतिष्ठानाने मॅकआर्थर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने २०११ साली सुरू केली. या बिल्ल्याचे वैशिष्ट्य त्याच्या चित्रात नाही. तो कोणी दिला, कोणाला दिला, केव्हा दिला, कोणत्या कसोटीवर दिला आणि त्या कसोटीला उतरल्याचा पुरावा कोणता, ही सारी माहिती त्या चित्राच्या पोटात साठविलेली असते व ती कोणालाही तपासता येते. आमच्या व्यवसायाच्या भाषेत सांगावयाचे तर, हे पुराव्याची कागदपत्रे सोबत जोडलेले प्रतिज्ञापत्र होय. दहावीच्या गुणपत्रिकेवर विज्ञान विषयात अमुक गुण असे लिहिलेले असते. त्या मुलाला विजेची तार जोडता येते की नाही, हे मात्र त्यावरून कळत नाही. बिल्ला नेमके तेच सांगू पाहतो.

आपल्याकडे सरकारने या दिशेने जी पावले टाकली त्यांत २०२३ सालची राष्ट्रीय श्रेयांक चौकट मुख्य आहे. पाचवी इयत्तेपासून थेट विद्यावाचस्पती पदवीपर्यंतचे सर्व शिक्षण तीत श्रेयांकांत मोजले आहे. तीस तासांच्या शिक्षणाला एक श्रेयांक, वर्षाच्या बाराशे तासांना चाळीस श्रेयांक, असे हे गणित आहे. वर्गातील अभ्यासाबरोबर कला, क्रीडा, व्यवसाय-शिक्षण, सामाजिक कार्य हेही त्यात मोजता येते. हे श्रेयांक ज्या खात्यात साठवावयाचे त्याला विद्यार्थ्याचा बारा अंकी 'अपार' क्रमांक जोडलेला असतो, आणि प्रमाणपत्रे डिजिलॉकरमध्ये राहतात. पालकांकडे जे संमतिपत्र आले ते या क्रमांकासाठी आहे.

या कल्पनेत चांगले काहीच नाही असे म्हणणे हा अप्रामाणिकपणा होईल. आमच्याकडे सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एक कामगार आला होता. नववी नापास. एका लहान कारखान्यात पंधरा वर्षे वेल्डिंग केलेले. तो कारखाना बंद पडल्यावर तो दुसरीकडे गेला. तेथील फोरमनने त्याच्याकडून सांधा जोडून घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि पसंत केला. कचेरीत मात्र त्याच्याकडे आयटीआयचे प्रमाणपत्र मागण्यात आले. ते नव्हते. शेवटी ज्या मुलाला त्याने स्वतः हाताला धरून वेल्डिंग शिकविले होते, त्याच मुलाच्या हाताखाली तो हेल्पर म्हणून लागला. या मनुष्याच्या ठिकाणी विद्या होती, अनुभव होता, फक्त दाखला नव्हता. आमच्या वस्त्यांतून अशी शेकडो माणसे आहेत. गवंडीकामाचे माप डोळ्यांनी सांगणाऱ्या स्त्रिया आहेत, इंजिन उघडून दुरुस्त करणारी पोरे आहेत. पुस्तकी परीक्षा हा एकच दरवाजा आणि त्यावर एकच पहारेकरी, अशी जी व्यवस्था या देशात शतकानुशतके चालली, तिने अशा माणसांना बाहेर ठेवले. दुसरा दरवाजा उघडत असेल तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. नाशिकने या बाबतीत महाराष्ट्राला एक वाट दाखविली आहे. १९८९ साली येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि ज्यांची शाळा अर्ध्यावर सुटली होती अशा कामगारांना व गृहिणींना त्याच्या पूर्वतयारी शिक्षणक्रमामुळे पदवीची वाट मोकळी झाली. २०१५ पासून केंद्राच्या कौशल्य योजनेत, अगोदरच अंगी असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याचीही सोय झाली आहे. आमच्या वेल्डरला कोणी हे वेळीच सांगितले असते तर त्याचा मान राहिला असता.

परंतु येथे त्या मातेचा प्रश्न उभा राहतो. दाखला मिळणे ही एक गोष्ट आणि तो मानला जाणे ही दुसरी. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये इलेक्ट्रॉनिक नोंदीस कायदेशीर मान्यता आहे. डिजिलॉकरमधील दस्तऐवज मूळ कागदाच्या बरोबरीचा समजावा असा नियम २०१७ साली झाला. यावरून शाळेतील शिक्षक पालकांना सांगतात की, बिल्ला आता कायदेशीर झाला. हे अर्धसत्य आहे. कायद्याने एवढेच म्हटले की तो दस्तऐवज खोटा नाही. त्या दस्तऐवजातील विधान खरे आहे, असे त्यावरून सिद्ध होत नाही. आणि ते खरे असले तरी महाविद्यालयाने किंवा मालकाने त्याला किंमत द्यावी, असे बंधन तर मुळीच उत्पन्न होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली अन्नामलै विद्यापीठाच्या प्रकरणात जो निवाडा दिला तो या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारा आहे. मूळ पदवी न घेता मुक्त पद्धतीने थेट मिळविलेली पदव्युत्तर पदवी त्या पदाच्या नेमणुकीसाठी ग्राह्य धरली गेली नाही. विद्यापीठ खरे होते आणि परीक्षाही झाली होती. पायऱ्यांचा क्रम मात्र चुकला होता, म्हणून वरची पायरी निरुपयोगी ठरली. विद्यापीठाच्या पदवीची जेथे ही गत होऊ शकते, तेथे शाळेतील बिल्ल्याच्या भरवशावर दहावी-बारावीची पायरी सोडणाऱ्या मुलाची गत काय होईल, याचा विचार प्रत्येक पालकाने करावा.

खरी ओळख आणि सरकारी मान्यता यांच्यामधील ही दरी आमच्या समाजाला कोणी नव्याने दाखवावयास नको. १९५६ साली नागपूरला दीक्षा घेऊन ज्यांनी शाळेच्या नोंदवहीत अभिमानाने 'बौद्ध' असे लिहिले, त्यांनी खोटे काहीच लिहिले नव्हते. तरीही केंद्र सरकारच्या लेखी ते अनुसूचित जातींच्या सवलतींतून बाहेर गेले. महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राच्या यादीत बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे! एका प्रामाणिक नोंदीची किंमत म्हणून एका पिढीने केंद्राच्या शिष्यवृत्त्या व नोकऱ्या गमावल्या, आणि दुसऱ्या कित्येकांनी मन मारून जुनेच नाव कागदावर राहू दिले. कागदाच्या एका रकान्यात माणसाचे आयुष्य कसे अडकते हे ज्यांनी घरात ऐकले आहे, त्यांना बिल्ल्याच्या रंगीत चित्राने दिपून जाण्याचे कारण नाही.

याच्या उलट बाजूचाही धोका आहे आणि तो आम्हांस अधिक मोठा वाटतो. आज जो दाखला जादा गुण म्हणून येतो, तो उद्या अट होऊन बसतो. एमएस-सीआयटीचे उदाहरण घ्या. २००१ साली हा अभ्यासक्रम सुरू झाला तेव्हा संगणक शिकण्याची ती एक संधी होती. पुढे अनेक शासकीय पदांसाठी संगणक अर्हतेची अट आली आणि फी भरून तो करणे उमेदवारांना भागच पडले. चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांचे वाढीव गुण दहावीच्या निकालात मिळतात, हे अनेक पालकांस ठाऊक आहे. परंतु ज्या शाळेत चित्रकलेचा शिक्षकच नाही तेथील मुलाने ते गुण कोठून आणावेत? बिल्ल्यांचेही असेच होणार नाही काय? शहरातील ज्या शाळेत यंत्रमानवाची प्रयोगशाळा आहे तेथील मुलगा दहावीपर्यंत वीस बिल्ले जमवील. पेठ किंवा सुरगाणा तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात, तेथील मुलीच्या खात्यात काय जमा होणार? २०२० साली महामारीत शाळा फोनवर भरू लागल्या तेव्हा घरात एकच फोन, तोही बापाबरोबर कामावर गेलेला, हे आम्ही पाहिले आहे. पुढे प्रवेशाच्या वेळी कोणी म्हणेल, या मुलाचे वीस बिल्ले आणि या मुलीचा एकही नाही, सबब ती कमी योग्यतेची. ती योग्यता कमी नव्हे, संधी कमी. पण संगणकाच्या पडद्यावर संधीचा रकाना नसतो.

अमेरिकेतील निग्रो बांधवांना या प्रकाराचा कडवट अनुभव आहे. उत्तर कॅरोलायना संस्थानातील ड्यूक पॉवर कंपनी त्यांना केवळ मजुरीच्या खात्यात ठेवीत असे. १९६४ चा नागरी हक्क कायदा अंमलात आल्यावर उघड भेदभाव करता येईना. मग चांगल्या खात्यांत जाण्यासाठी हायस्कूलचा दाखला व बुद्धिमापनाच्या चाचण्या यांची अट पुढे करण्यात आली. त्या कामांशी या अटींचा संबंध आहे हे कंपनीला दाखविता आले नाही. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली ग्रिग्ज खटल्यात ती अट बेकायदेशीर ठरविली आणि असे तत्त्व घालून दिले की, कसोटी वरकरणी सर्वांना सारखी असली तरी ती कामाशी संबंधित नसेल व एका समाजाला वगळीत असेल, तर ती चालणार नाही. आमच्या शिक्षणखात्याने बिल्ल्यांचे नियम करताना हा निवाडा समोर ठेवावा, अशी आमची सूचना आहे.

आणखी एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. बिल्ला कोणत्या कौशल्याचा? २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावे असे म्हटले आहे. श्रमाला प्रतिष्ठा यावी हा त्यामागील हेतू आम्ही नाकारीत नाही. ब्राह्मणाचा मुलगा दहा दिवस चामडे कापावयास शिकेल आणि सफाई कामगाराची मुलगी दहा दिवस प्रयोगशाळेत काम करील, तर आम्ही त्या शाळेचा सत्कार करू. परंतु अनुभव असा आहे की, 'स्थानिक' व 'पारंपरिक' या शब्दांच्या आडून मुलाच्या हातात बापाचेच हत्यार दिले जाते. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी शाळेचे तास कमी करून उरलेला वेळ मुलांनी घरच्या धंद्यात घालवावा अशी योजना आणली. पेरियार रामस्वामींनी तीविरुद्ध रान उठविले, १९५४ साली राजगोपालाचारी सत्तेवरून गेले आणि कामराजांनी ती योजना रद्द केली. २०२३ साली केंद्राने पीएम विश्वकर्मा योजना काढली. तीत चर्मकार, न्हावी, परीट, कुंभार आदी अठरा धंद्यांतील कारागिरांना प्रमाणपत्र व ओळखपत्र मिळते, प्रशिक्षणाचा भत्ता मिळतो, अवजारांसाठी पंधरा हजार रुपये मिळतात. पोटासाठी तो धंदा करणाऱ्या प्रौढ माणसाने हा लाभ अवश्य घ्यावा. त्यात कमीपणा नाही. पण परंपरेने कुटुंबात चालत आलेल्या धंद्यावर या योजनेचा जो भर आहे, त्याला हरकत घेऊन तामिळनाडू सरकारने २०२४ साली ती आहे त्या स्वरूपात राबविण्यास नकार दिला. सत्तर वर्षांनी तोच वाद त्याच प्रांतात पुन्हा उभा राहिला, हा योगायोग नव्हे.

बाबासाहेबांची भूमिका या बाबतीत इतकी स्वच्छ आहे की तिचा विपर्यास करणे कठीण. जातिव्यवस्थेने श्रमांची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी केली, हे त्यांनी १९३६ सालीच दाखवून दिले. तरीही ते तंत्रशिक्षणाचे विरोधक नव्हते. ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयना सादर केलेल्या निवेदनात त्यांनी सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत अस्पृश्य तरुणांना उमेदवारीची सोय मागितली. १९२५ पासून नाशिकरोडला सरकारी छापखाना असलेल्या आमच्या जिल्ह्याला या मागणीचा अर्थ निराळा सांगावयास नको. आणि त्याच निवेदनात, त्याच लेखणीने, त्यांनी विज्ञान व तंत्रशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी देशात व परदेशात शिष्यवृत्त्याही मागितल्या. हाताचे कौशल्य पाहिजे, पण विद्यापीठाच्या बदली म्हणून नव्हे. आणि जे कौशल्य पाहिजे ते यंत्रयुगातील, गावकीतील नव्हे. बिल्ला या शब्दाचाही आम्हांला जरा उबगच आहे, हे येथे कबूल करतो. गावाची चाकरी करणाऱ्या माणसाला हातातल्या काठीवरून लांबूनच ओळखीत. त्या चाकरीचे वतन कायद्याने मोडण्यास १९५८ साल उजाडले. ती खूण दुसऱ्याने लादलेली होती. मुलीने स्वतः निवडलेल्या विद्येची खूण तिने छातीवर मिरवावी, आम्हांला ती पाहून आनंदच होईल.

आता सहीचा प्रश्न. अपारची संमती ऐच्छिक आहे व दिलेली संमती मागे घेता येते. सही केली नाही म्हणून मुलाला वर्गाबाहेर बसविण्याचा किंवा दाखला अडविण्याचा अधिकार कोणत्याही शाळेला नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा शिक्षणाचा हक्क कोणत्याही क्रमांकावर अवलंबून नाही, आणि आधार नाही म्हणून शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालीच स्पष्ट केले आहे. तथापि केवळ भीतीपोटी नकार द्यावा असा सल्ला आम्ही देणार नाही. पुढील शिक्षणसंस्था ज्या खात्याकडे पाहणार आहेत त्या खात्यात आमचीच मुले नसणे हेही नुकसानच होय. पालकांनी कागद वाचावा, कोणती माहिती कोणाकडे जाणार हे विचारावे, वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून वाचून घ्यावा आणि मग सही करावी. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व मान्य केले आहे. तेव्हा विचारणे हा उद्धटपणा नव्हे.

शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. या समित्यांत आमची माणसे सह्या करण्यापुरती जातात, ही खेदाची गोष्ट आहे. पुढील सभेत त्यांनी तोंड उघडावे. जो बिल्ला शाळेच्या वेळात, मराठीतून, फीशिवाय प्रत्येक मुलाला मिळविता येत नाही, तो प्रवेशासाठी धरला जाऊ नये, असा ठराव मांडावा व तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा. बिल्ल्याच्या नोंदीत जात, धर्म किंवा बापाचा धंदा यांचा उल्लेख असू नये, हेही त्यात लिहावे. आणि आठवीनंतर कोणी शिक्षक मुलाला म्हणू लागला की, तुझा हात चांगला आहे, तुला गणित कशाला हवे, तर त्या शिक्षकाला त्याच दिवशी भेटावे.

नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांसाठी एक व्यवहाराची गोष्ट उरते. तुमच्यापैकी अनेकांनी मुलांची नावे बदलली आहेत, काहींनी आडनावही बदलले आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये एक नाव, आधारवर दुसरे आणि जातीच्या दाखल्यावर तिसरे असेल तर अपारचा क्रमांक तयार होताना अडचण येते, आणि तो झाला तरी बिल्ला एका नावाचा व दाखला दुसऱ्या नावाचा असा घोळ पुढे जातपडताळणी समितीसमोर निस्तरावा लागतो. मूल शाळेत आहे तोवर ही दुरुस्ती सोपी आहे. शाळा सोडल्यावर ती किती दुर्घट होते हे माध्यमिक शाळा संहितेशी ज्यांची गाठ पडली आहे त्यांना विचारावे. म्हणून नावात बदल केला असल्यास राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत, आधारची प्रत व बापाचा शाळा सोडल्याचा दाखला जोडून मुख्याध्यापकांकडे अर्ज करावा. जातीच्या रकान्यात काहीही बदल मागण्यापूर्वी मात्र जाणकाराचा सल्ला घ्यावा. अर्ज दोन प्रतींत द्यावा, आणि आपल्या प्रतीवर शाळेची पोच, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये.